आयर्न बट रॅली : अकरा दिवस, अकरा हजार मैल

स्वरूप : १९८४ साली अवघ्या दहा स्वारांनिशी अमेरिकेत सुरू झालेली आणि पुढे दर दोन वर्षांनी भरू लागलेली ही रॅली म्हणजे, अकरा दिवसांत सुमारे ११,००० मैल (जवळजवळ १७,७०० किलोमीटर) मोटारसायकलवरून तोडण्याची सहनशक्तीची परीक्षा होय, लोक तिला शर्यत म्हणत असले, तरी वेगाला तीत एकही गुण नाही.

गुण : संयोजकांनी नेमलेल्या स्थळी जाऊन, आपल्या क्रमांकाचे निशाण स्पष्ट दिसेल असे छायाचित्र घ्यावे, मैलमापकाचा आकडा व वेळ टिपावी आणि हा सारा दस्तऐवज तपासनिसांपुढे रुजू करावा, तेव्हा कोठे गुण पदरात पडतात. निशाण विसरले, तर शेकडो मैलांची रपेट फुकट.

विश्रांती : तिलाही गुण, दाखला म्हणून थांबतानाची व निघतानाची पावती.

मुदत : तपासणीच्या ठाण्यावर उशीर झाल्यास गुणांत कपात, दोन तास उलटल्यास हजेरीच बाद.

सॅडलसोर १००० : आयर्न बट असोसिएशनच्या सभासदत्वाची पहिली पायरी, २४ तासांत १,००० मैल (१,६०९ किलोमीटर).

डाकार निराळी : २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघालेली ती रॅली वाळवंटातील, घड्याळाशी बांधलेली शर्यत, २०१५ साली सी. एस. संतोष ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले.