चार अंशांचा घोळ

मंगळाचा लेख या आठवड्यातही राहिला. कडक मंगळ, सौम्य मंगळ यांचं गणित मांडून दाखवायचं कबूल केलं होतं, कच्चं टिपणही तयार आहे. पण मध्येच चिपळूणहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि माझा जुना आवडता विषय त्यांनी असा अलगद उकरून काढला, की मला राहवेना. मंगळवाल्यांनी आठवडाभर दम धरावा.

बाईंच्या भाचीचं लग्न ठरत आलं होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या टिळक पंचांग, आणि भाचीची पत्रिका आजोबांनी त्यावरूनच मांडलेली. नक्षत्र कृत्तिका, पहिला चरण, गण राक्षस, नाडी अंत्य. मुलाकडच्यांनी तीच तारीख, तीच वेळ, तेच गाव घेतलं आणि त्यांच्या गुरुजींनी दाते पंचांगावरून पत्रिका केली. तिच्यात निघालं नक्षत्र भरणी, चौथा चरण, गण मनुष्य, नाडी मध्य. मुलाचीही नाडी मध्य. म्हणजे एकनाड! छत्तीसातले नाडीचे आठ गुण गेलेच, वर मुलाच्या आईच्या पोटात गोळा आला तो वेगळाच. आजोबांच्या पत्रिकेप्रमाणे एकनाड नाही, पण मुलगी राक्षसगणी. बाई विचारतात, यातली खरी पत्रिका कोणती? चुकलं कोण, आजोबा की गुरुजी?

कोणीच नाही. दोघांचंही गणित बिनचूक आहे.

राशिचक्र हे वर्तुळ आहे आणि वर्तुळाला मुळात सुरुवात नसते. मेषेचा शून्य अंश कुठे, हे माणसानंच ठरवायचं असतं. पाश्चात्त्य लोक तो वसंतसंपातापासून धरतात, म्हणजे मार्चमध्ये दिवसरात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो तिथून. हा बिंदू ताऱ्यांच्या मानानं वर्षाला सुमारे पन्नास विकला मागे सरकतो, बहात्तर वर्षांत साधारण एक अंश. आपल्याकडची निरयन पद्धत शून्य अंश ताऱ्याशी बांधते. संपात आणि हा निरयन शून्य यांच्यामधलं अंतर म्हणजे अयनांश. इथपर्यंत कोणाचं भांडण नाही. भांडण आहे ते तारा कोणता यावर.

सूर्यसिद्धांतात रेवतीची योगतारा राशिचक्राच्या जवळजवळ शेवटी, १० कला कमी असताना दिली आहे, आणि चित्रा बरोबर मध्यावर, १८० अंशांवर. म्हणजे पोथीत दोघी जवळपास समोरासमोर. आकाशात मात्र तसं नाही. रेवतीच्या योगतारेपासून मोजत गेलात तर चित्रा १८० वर न भेटता १८४ च्या आसपास भेटते. आता रेवतीला शून्य म्हणा, नाहीतर चित्रेला १८० म्हणा. दोन्ही एकदम जमणार नाही. चित्रा ठळक तारा, शहरातूनही सहज दिसते. रेवतीची योगतारा म्हणजे मीन राशीतली झीटा पिशियम, इतकी मंद की पुण्यातून नुसत्या डोळ्यांनी ती शोधणं म्हणजे शिक्षाच. वेल्ह्याच्या पुढे अमावास्येच्या सुमारास जा, मान दुखेपर्यंत वर बघा, तेव्हा कुठे एक ठिपका हाती लागतो. त्या ठिपक्यावर एका पंचांगाचा सगळा डोलारा उभा आहे.

या वादातली माणसं मात्र सामान्य नव्हती. गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव शके १४४२ चा, म्हणजे इसवी १५२० चा. त्यावरून केलेली पंचांगं साडेतीनशे वर्षांनी आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केरूनाना छत्र्यांना हे सहन होईना. त्यांनी नवीन वेधांवर आधारलेलं गणित आणलं आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं, झीटा पिशियम धरून. लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी, तेही रेवतीपक्षाचे. टिळक पंचांग त्याच वाटेवरचं. दुसऱ्या बाजूला व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्ष उचलून धरला. हे केतकर म्हणजे बागलकोटला बसून नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं गणित मांडणारे. त्यांच्यावर कधीतरी सबंध लेख लिहायचा आहे, म्हणून इथे हात आवरतो. पुढे १९५२ मध्ये केंद्र सरकारनं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी. समितीनं २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला धरला, तो चित्रापक्षाला धरून. तेव्हापासून लाहिरी अयनांश हा जणू सरकारी शिक्का झाला. आज चित्रापक्षाचा अयनांश चोवीस अंशांच्या थोडा पुढे आहे, रेवतीपक्षाचा सव्वावीसच्या आसपास. फरक चार अंशांना किंचित कमी.

सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि दात्यांसारख्या चित्रापक्षाच्या पंचांगांत १४-१५ ला. ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तो अधिक मास; तेव्हा संक्रांती चार दिवस सरकल्या की एखाद्या वर्षी दोन पंचांगांचे अधिक मासही वेगळे होतात आणि कोकणातल्या काही घरांत गणपती गावाच्या महिनाभर आधी येऊन जातो. याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. सण कधी करायचा हा संकेताचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी भांडणाऱ्या या मंडळींनी निदान मान वर करून आकाश तरी पाहिलं. शिवाय दोन्हीकडचं बोलावणं असेल तर मोदक दोनदा.

तक्रार सुरू होते ती भविष्य सांगायला बसल्यावर.

भाचीचा चंद्र भरणीच्या काठाला होता, म्हणून तिचं नक्षत्रच बदललं. चार अंशांच्या फरकानं दर दहांतल्या तिघांचं असं होतं, कारण नक्षत्र १३ अंश २० कलांचं असतं. उरलेल्या सातांचं नक्षत्र तेच राहतं, पण ते सुटले असं समजू नका. एक बाळ घेऊ. दाते पंचांगाप्रमाणे त्याचा चंद्र मेषेच्या १५ अंश २० कलांवर, म्हणजे भरणीत दोन अंश आत. भरणीचा स्वामी शुक्र, त्याची महादशा वीस वर्षांची. नक्षत्राचा जेवढा भाग चंद्रानं ओलांडला तेवढी दशा जन्माआधीच भोगून झाली असं धरतात. इथे तीन वर्षं संपली, सतरा उरली. टिळक पंचांगात तोच चंद्र सोयीसाठी पुरते चार अंश पुढे धरू, म्हणजे भरणीत सहा अंश आत. नऊ वर्षं संपली, अकरा उरली. पुढे रवीची सहा, चंद्राची दहा, मंगळाची सात. म्हणजे राहूची महादशा एका पंचांगानं चाळिसाव्या वर्षी लागते, दुसऱ्यानं चौतिसाव्या. आणि राहू लागला की काय काय होतं हे दोन्हीकडचे ज्योतिषी सारख्याच ठसक्यात सांगतात.

सहा वर्षं! इतक्या काळात माणसाची नोकरी जाते, दुसरी लागते, घर होतं, मूल शाळेत जातं. दशांचे नियम शतकानुशतकांच्या अनुभवातून आले असतील, तर या दोनांपैकी एका पक्षाच्या ज्योतिषांना आपली भाकितं सतत काही वर्षं पुढेमागे पडताहेत हे केव्हाच कळायला हवं होतं. रत्नागिरीची टिळक पंचांगाची गिऱ्हाइकं वैतागून सोलापूरच्या दाते पंचांगाकडे वळायला हवी होती, नाहीतर उलटं. तसं काही घडलेलं नाही. आजोबांना प्रचीती येत होती, गुरुजींनाही येते. समजा गावात दोन शिंपी आहेत, एकाची टेप चार इंचांनी चुकीची आहे, आणि तरी दोघांचेही सदरे लोकांना सारखेच बसतात. मग टेप कोणाची खरी हा वाद काय घालायचा? ते टेप लावून शिवतच नाहीत, एवढं समजायचं.

मला तर ज्योतिषाविरुद्धचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो. पाश्चात्त्य सायनवाले आणि आपले निरयनवाले यांच्यात चोवीस अंशांचा फरक आहे हे दाखवलं, तर आपले लोक ‘ते परकीय, त्यांचं शास्त्र वेगळं’ म्हणून हात झटकतात. इथे तसं म्हणता येत नाही. ग्रंथ एक, दशा एक, कारकत्वं एक, भाषासुद्धा एक.

‘चार अंश म्हणजे कितीसे? एवढं तर चालायचंच,’ असं एका व्याख्यानानंतर मला ऐकवण्यात आलं होतं. मग कृष्णमूर्ती पद्धतीचं काय करायचं? तिच्यात राशिचक्राचे २४९ तुकडे पाडतात आणि सर्वांत लहान तुकडा असतो ३३ कला २० विकलांचा, म्हणजे एका अंशाहूनही लहान. त्या तुकड्याच्या स्वामीवरून नोकरी लागणार की नाही हे ठरतं. जन्मलग्न चार अंश पुढे जायला साधारण सोळा मिनिटं लागतात, आणि जुळ्यांची नशिबं वेगळी का, असं विचारलं की हेच लोक चार मिनिटांच्या फरकाकडे बोट दाखवतात. तिथे चार मिनिटं मोठी आणि इथे चार अंश किरकोळ?

माझ्या ओळखीचे एक ज्योतिषी आहेत. सज्जन माणूस, फी सांगत नाहीत, समोरचा देईल ते घेतात. एकदा त्यांच्याकडे बसलो असताना एका गृहस्थांची पत्रिका संगणकावर उघडलेली होती. लग्न सत्ताविसाव्या वर्षी झालेलं, पण दशा काही केल्या जुळेना. त्यांनी शांतपणे अयनांशाची यादी उघडली, लाहिरी काढून रामन हा दुसरा अयनांश टाकला. दीड अंशाच्या आसपास फरक पडला, दशांच्या तारखा सरकल्या आणि सत्ताविसावं वर्ष नेमकं हवं तिथे येऊन बसलं.

‘‘अहो, ही पत्रिका रामनवर चालते,’’ ते माझ्याकडे वळून म्हणाले.

‘‘आणि रामनवरही चालली नसती तर?’’

‘‘मग जन्मवेळेची शुद्धी करायची. दवाखान्यातली घड्याळं कुठे बरोबर असतात?’’

यात लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण पत्रिकेचं खरं गणित शोधून काढलं. उत्तर आधी माहीत आहे आणि गणित मागाहून बसवतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. लग्नाची तारीख पाकिटात बंद करून ठेवली असती आणि आधी अयनांश निवडा म्हटलं असतं, तर त्यांनी कोणता निवडला असता?

तेव्हा चिपळूणच्या बाईंना माझं उत्तर असं. दोन्ही पत्रिका एकाच कप्प्यात ठेवा. मुलगा काय करतो, किती कमावतो, रागावला की कसा वागतो, घरात बायकांशी कसं बोलतो, याची चौकशी करा. रक्ताच्या तपासण्या दोघांच्याही करून घ्या. पत्रिका पाहिल्याशिवाय मुलाकडच्यांचं समाधान होणारच नसेल, तर आजोबांची पुढे करा. तीही शास्त्रोक्तच आहे, आणि तिला खोटी म्हणायचं तर त्यांच्या गुरुजींना थेट केरूनानांशी आणि टिळकांशी वाद घालावा लागेल. राक्षसगणाचं काय ते मुलगी सासरी गेल्यावर बघून घेईल.

जागा उरली आहे तेवढ्यात, खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांनी घेतलेल्या ज्योतिषांच्या चाचणीवर गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, त्यावर आलेल्या एका पत्राचा समाचार. चाचणीत सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून त्या दोनांपैकी कोणत्या गटातल्या हे ओळखायचं होतं. लातूरचे एक वाचक लिहितात, ‘४० पैकी २४ पत्रिका बरोबर ओळखणाऱ्या त्या एका ज्योतिषाला तुम्ही श्रेय का दिलं नाही?’ हिशेब सोपा आहे. सत्तावीस जणांना प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवायला बसवलं आणि छापा-काटा ओळखायला सांगितलं, तर २४ किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर येणारे तीन-चार जण निव्वळ योगायोगानं निघायला हवेत. चाचणीत तिथवर पोहोचला एकच. म्हणून लिहिलं नाही.