कर्करोग-संशोधन : नफ्यापलीकडचे प्रश्न

तोंडाचा कर्करोग अगदी आरंभीच्या अवस्थेत ध्यानात आला आणि मान तपासली असता हाताला एकही गाठ लागली नाही, अशा रुग्णाचे काय करावे? तोंडातील शस्त्रक्रियेच्या वेळीच मानेतील लसिकाग्रंथीही काढून टाकाव्यात, की तेथे गाठ दिसेपर्यंत थांबावे? या प्रश्नावर जगभरच्या शल्यविशारदांत जवळजवळ अर्धशतक मतभेद होते. रोगाचे सूक्ष्म अंश मानेत आधीच पोहोचलेले असू शकतात, असे एका पक्षाचे म्हणणे. पुष्कळांच्या मानेत रोग मुळी नसतोच, मग त्यांना मोठ्या शस्त्रक्रियेचा आणि खांद्याच्या अधूपणाचा त्रास विनाकारण का द्यावा, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांत अनुभवी मंडळी होती आणि दोघांनाही आपापल्या बाजूचे रुग्ण आठवत होते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली हा वाद चाचणीच्या कसोटीस लावला. रुग्णांची संमती घेऊन त्यांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करण्यात आली. ५०० रुग्णांची माहिती हाती आल्यावर २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आरंभीच ग्रंथी काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्के होते. थांबलेल्या गटात ते ६७.५ टक्के होते. याचा अर्थ, दर आठ रुग्णांमागे एकाचा मृत्यू टळला. तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे हा रोग ज्या देशात घरोघरी पोहोचला आहे, त्या देशाने या प्रश्नाचे उत्तर जगाला द्यावे, हे योग्यच झाले.

या चाचणीकडे आर्थिक दृष्टीनेही पाहणे अगत्याचे आहे. तीत कोणतेही नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते, पेटंट घेण्याजोगे काही नव्हते. उत्तर कोणतेही आले असते तरी कोणाचा माल त्यामुळे अधिक खपणार नव्हता. तिचा खर्च टाटा मेमोरियल केंद्राने स्वतः सोसला. तो सोसला नसता तर हा वाद आणखी अर्धशतक चालू राहिला असता आणि त्याची किंमत रुग्ण आपल्या प्राणांनी मोजत राहिले असते.

अनुभव पुरेसा नसतो

चाचणीवाचूनही कुशल डॉक्टरला योग्य उपचार कळतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. कर्करोगाचा इतिहास मात्र या समजुतीला अनुकूल नाही. अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाच्या कर्करोगासाठी एक अतिव्यापक शस्त्रक्रिया रूढ केली. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढल्या जात. पाऊण शतकाहून अधिक काळ लक्षावधी स्त्रियांनी ती सोसली. ती करणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. अधिक कापले म्हणजे अधिक बरे होते, असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये या विश्वासाची परीक्षा सुरू केली, तेव्हा त्यांना व्यवसायबंधूंचा रोष पत्करावा लागला. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत व्यापक शस्त्रक्रियेचा आयुर्मर्यादेवर कोणताही जादा लाभ आढळला नाही.

यदृच्छेने विभागणी करण्याचे मर्म येथेच आहे. डॉक्टर आपल्या मर्जीने रुग्ण निवडू लागला, तर धडधाकट रुग्ण एका उपचाराकडे आणि खंगलेले दुसऱ्याकडे जातात. मग जो फरक दिसतो तो उपचाराचा की रुग्णांच्या मूळ प्रकृतीचा, हे सांगता येत नाही. विभागणी दैवावर सोपविली म्हणजे दोन्ही गट सरासरीने सारखे होतात आणि उरलेला फरक उपचाराच्या पदरी टाकता येतो.

प्रश्न कोण विचारतो?

चाचणीची पद्धत निर्दोष असली तरी कोणता प्रश्न विचारावयाचा हे पद्धत ठरवीत नाही; ते पैसा ठरवितो. औषध कंपन्यांनी कर्करोगावरील संशोधनात घातलेले भांडवल प्रचंड आहे आणि त्यातून उपयुक्त औषधे निघाली आहेत, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु कंपनीला आपल्या भागधारकांना उत्तर द्यावयाचे असते. नवे औषध जुन्या औषधात मिळवावे काय, हे ती विचारील. तेच औषध निम्म्या मात्रेत किंवा निम्मा काळ दिले तर चालेल काय, हे ती का विचारील? आपलाच खप कमी करणाऱ्या संशोधनावर व्यापाऱ्याने खर्च करावा, अशी अपेक्षा बाळगणे अर्थशास्त्राला धरून नाही.

यश कशाला म्हणावे, हा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. रुग्णाला दोनच गोष्टी हव्या असतात : अधिक आयुष्य आणि सुसह्य आयुष्य. चाचण्यांत मात्र रोगाची वाढ किती महिने थोपली, हे माप पुष्कळदा लावले जाते, कारण ते लवकर हाती येते. बेव्हॅसिझुमॅब या औषधाला स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००८ मध्ये याच मापावर त्वरित मान्यता मिळाली. पुढील चाचण्यांत आयुष्य वाढल्याचे दिसेना आणि दुष्परिणाम मात्र गंभीर होते. म्हणून २०११ मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. क्षकिरणचित्रावरील गाठ लहान होणे आणि माणूस अधिक जगणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत.

स्वस्त औषधांचे वकीलपत्र

कोणाच्याही नफ्याशी संबंध नसलेले प्रश्न गेल्या काही वर्षांत भारतात विचारले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी जे लिडोकेन वापरतात, तेच स्तनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीच्या भोवती टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. इतक्या साध्या उपायाचा इतका परिणाम व्हावा, हे पाहता त्याची अन्यत्र फेरतपासणी होणे अवश्य आहे. पण ज्या औषधाचे पेटंट केव्हाच संपले, त्याच्या फेरतपासणीला पैसा पुरविण्याची निकड बाजाराला भासणार नाही.

असेच दुसरे उदाहरण. तोंड व घशाचा कर्करोग बळावल्यानंतर सिस्प्लॅटिन शिरेतून देण्याची पद्धत होती. त्याऐवजी मेथोट्रेक्सेट आणि सांधेदुखीवर दिली जाणारी सेलेकॉक्सिब अशा दोन जुन्या, स्वस्त गोळ्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना देण्यात आल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने होते. तीव्र दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते. लाभ थोडा आहे खरा. पण ज्याच्यापाशी काही महिनेच उरले आहेत, त्याने ते इस्पितळाच्या खाटेवर न घालविता घरी घालवावेत, याचे मोल कोणत्याही हिशेबात धरलेच पाहिजे.

त्यानंतर अशाच गोळ्यांच्या उपचारात निव्होलुमॅब हे महागडे औषध फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, मिळविण्यात आले. शरीरात ते जेथे चिकटावयाचे ती ठिकाणे अत्यल्प मात्रेतही बहुतांशी व्यापली जातात, असे पूर्वीच्या अभ्यासांत दिसले होते. त्यावरून ही कल्पना सुचली. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

काही वेळा ‘नको’ हे उत्तरही तितकेच मोलाचे असते. स्तनाचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरल्यावर मूळ गाठ काढण्यात अर्थ आहे काय, हे टाटा रुग्णालयात ३५० स्त्रियांच्या चाचणीत पाहण्यात आले. गाठ काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात आढळले. तुर्कस्तानातील एका चाचणीतून वेगळे अनुमान निघाले. २०२० मध्ये अमेरिकेतील चाचणीने मात्र मुंबईच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. जमीन गहाण टाकून जी शस्त्रक्रिया करावयाची ती निरुपयोगी आहे, हे वेळीच कळणे हेही कुटुंबाला मिळालेले धनच होय.

एक गंभीर आक्षेप

स्वस्त उपचारांचे संशोधन म्हणजे गरिबांसाठी दुय्यम उपचार शोधणे, असा आक्षेप या प्रयत्नांवर घेतला जातो. तो झटकून टाकण्याजोगा नाही. अल्प मात्रेतील निव्होलुमॅबची तुलना पूर्ण मात्रेशी झालेली नव्हती. त्या औषधावाचून दिलेल्या उपचाराशी झाली होती. अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही. काहीच न मिळण्यापेक्षा ती पुष्कळ बरी, एवढेच म्हणता येते.

याहून तीव्र वाद मुंबईतील झोपडपट्ट्यांत १९९८ मध्ये सुरू झालेल्या चाचणीबाबत झाला. डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दीड लाख स्त्रियांना तीत सामील करून घेतले होते. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविका चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन निम्म्या स्त्रियांची तपासणी दर दोन वर्षांनी करीत. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखाच द्राव, लावावयाचा आणि पांढरा डाग दिसतो काय हे पाहावयाचे, एवढीच ही तपासणी. बारा वर्षांनंतर तपासलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. दुसऱ्या गटातील स्त्रियांना आरोग्यशिक्षण दिले होते, पण तपासणी नव्हती. त्यांना तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न देशात व परदेशांत विचारला गेला. देशात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, हे त्यावरचे उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे; पण ते पुरेसे नाही.

पुरेसे उत्तर निष्कर्ष हाती आल्यानंतरच्या आचरणातून द्यावयाचे असते. धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, जिल्ह्यातही बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १,३१,७४६ स्त्रियांना सामील करून घेऊन अशीच चाचणी झाली होती. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणते, असे २००९ मध्ये तिच्यातून सिद्ध झाले. या दोन चाचण्यांचे दाखले जगभर दिले जातात. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ १.९ टक्के आढळल्या. ज्या स्त्रियांनी आपले शरीर संशोधनाच्या स्वाधीन केले, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत त्याचे फळ पोहोचत नसेल, तर आक्षेप घेणाऱ्यांना गप्प कसे करणार?

ग्राहक म्हणून शासन

यावरील उपाय अर्थशास्त्राच्या प्राथमिक सिद्धांतातच आहे. एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि ज्यापासून कोणाला वंचित ठेवता येत नाही, अशी वस्तू बाजार पुरेशी निर्माण करीत नाही. मानेच्या ग्रंथी केव्हा काढाव्यात, हे ज्ञान अशीच वस्तू आहे. तिचा खर्च समाजाने, म्हणजे शासनाने, उचलावा लागतो.

यात शासनाचे स्वतःचेही हित आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना यांमुळे शासन हेच कर्करोगाच्या उपचारांचे एक मोठे ग्राहक बनले आहे. ग्राहकाने माल घेण्यापूर्वी तो किती लागतो हे विचारावे, हा साधा व्यवहार झाला. ब्रिटनने तो ओळखला. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब हे औषध बारा महिन्यांऐवजी सहा महिने दिले तर चालेल काय, याची चाचणी तेथे सरकारी खर्चाने चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार चार वर्षांनंतर रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण ८९.८ च्या जागी ८९.४ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढेच राहिले आणि हृदयावरील दुष्परिणाम घटले. फ्रान्समधील तशाच चाचणीने इतका निःसंशय कौल दिला नव्हता. परंतु हा प्रश्न विचारण्याचे कर्तव्य दोन्ही देशांनी बजावले.

भारतात यासाठी लागणारी यंत्रणा काही प्रमाणात उभी आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने देशभरची रुग्णालये एकमेकांशी जोडली आहेत. चाचण्यांची नोंदणीही २००९ पासून सक्तीची आहे. उणीव आहे ती दोन गोष्टींची. आरोग्य योजनांवर जो पैसा खर्च होतो, त्याचा एक निश्चित हिस्सा अशा चाचण्यांसाठी राखून ठेवला पाहिजे. आणि एखादी चाचणी उपयुक्त ठरल्यावर तिचा निष्कर्ष जिल्हा रुग्णालयापर्यंत किती वर्षांत पोहोचवावयाचा, याची मुदत शासनाने स्वतःवर घालून घेतली पाहिजे. पहिल्या गोष्टीवाचून उत्तरे मिळणार नाहीत. दुसरीवाचून मिळालेली उत्तरे नियतकालिकांच्या पानांतच राहतील.