बाई, वर काही बिघडलं तर?

जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळातून सुखरूप परतले, तेव्हा शहापूरच्या आमच्या शाळेत मी मुलींना सगळं रंगवून सांगत होते. कसाऱ्याकडून येणारी एक मुलगी मध्येच म्हणाली, “बाई, वर काही बिघडलं तर त्यांना आणायला कोण जाणार?”

प्रश्न साधाच, पण मला चटकन उत्तर देता येईना. आपल्याकडे माणसं अडकली की कुणी ना कुणी धावून जातं. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, आठवतं ना? आपल्या मुरबाडच्या शेजारचाच भाग. सुमारे १०५० प्रवासी, त्यात ९ गरोदर बायका. होड्या आल्या, सगळे बाहेर निघाले. अंतराळात हाकेला ओ द्यायला शेजारच नाही!

कल्पना चावलाचं तेच झालं. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं. ८२ व्या सेकंदाला इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आपटला. वजन जेमतेम पाऊण किलो, पण वेग असा की पंखाच्या कडेला भोक पडलं. पंखाचे फोटो काढून घ्या, असं काही इंजिनियर म्हणत होते. वरिष्ठांनी मनावर घेतलं नाही. सातही जण पंधरवडाभर आपापली कामं करत राहिले. १ फेब्रुवारीला परतताना त्या भोकातून तापलेली हवा आत शिरली आणि यान टेक्सासवर मोडून पडलं. उतरायला फक्त १६ मिनिटं उरली होती.

चौकशी समितीनं पुढे जे लिहिलं, ते वाचून मला तर रात्री झोप लागली नाही. अंतराळ स्थानक गाठण्याइतकं इंधन यानात नव्हतं, हे खरं. पण नुकसान वेळेवर कळलं असतं, तर हालचाल कमी करून, उच्छ्वासातली दूषित हवा शोषणारे डबे पुरवून पुरवून वापरून (आपण महिनाअखेरीला साखर पुरवतो तसे) ३० दिवस काढता आले असते. तेवढ्यात मार्चसाठी तयार होत असलेलं अटलांटिस यान घाईनं पाठवता आलं असतं. जोखीम होती, पण वाट होती.

मे २००९ मध्ये हबल दुर्बीण दुरुस्त करायला यान गेलं, तेव्हा मात्र एन्डेव्हर हे दुसरं यान उड्डाणासाठी तयार उभं ठेवलं होतं. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांचं स्टारलायनर २०२४ मध्ये बिघडलं, तेव्हा ते रिकामंच खाली आणलं. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या यानातून चारांऐवजी दोघांनाच वर पाठवलं, दोन जागा यांच्यासाठी मोकळ्या. आठ दिवसांचा मुक्काम २८६ दिवसांचा झाला. पण स्थानकात अन्न, हवा, सोबत सगळं होतं. मार्च २०२५ मध्ये दोघंही घरी आली.

माणसांना नेणाऱ्या आपल्या गगनयानासाठीही सुटकेची यंत्रणा आहे. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला तिची चाचणी झाली. ती उपयोगाची रॉकेट वर चढत असेपर्यंतच. एकदा पृथ्वीभोवती फिरू लागलं, की परत यायचं ते आपल्याच इंजिनांच्या भरवशावर.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी तिच्याच घाटाचं उदाहरण दिलं. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात ती चढण लागायच्या आधी, गाडी घाटात अडल्यावर नव्हे.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “मग बाई, गगनयानाचा बँकर कुठे उभा राहणार?”