दूधसागरच्या काठावर बसल्या बसल्या

धबधब्याला जायचं, भिजायचं, फोटो काढायचे आणि निघायचं, असा आपला शिरस्ता. लहान मुलं सोबत असली की त्याचा पार बोजवारा उडतो. एक दमलेलं, एक कुडकुडतंय, एकाला नेमकी आत्ताच भूक लागलेली. शिवाय धबधब्याच्या बऱ्याचशा गमती पाण्यात उतरून कळतच नाहीत. खडकावर बूड टेकून निवांत बसलं, की त्या एकेक करून दिसायला लागतात. म्हणून गोव्यातल्या दूधसागरला मुलांना नेणार असाल, तर विश्रांतीची वेळ आधी ठरवा आणि बाकीचा बेत तिच्याभोवती बसवा. त्या वेळात मुलांना काय दाखवायचं, ते पुढे वाचा.

डोंगर वर चालला!

सगळ्यात भारी गंमत हीच, आणि ती पूर्ण फुकट आहे. मुलांना पडत्या पाण्यातल्या एकाच जागी नजर खिळवायला सांगा. डोळे इकडेतिकडे न हलवता अर्धा-एक मिनिट. मग झटकन नजर बाजूच्या कोरड्या खडकावर न्यायची. खडक वर सरकताना दिसतो! पहिल्यांदा बघणारं मूल हमखास ओरडतं आणि लगेच पुन्हा पाण्याकडे बघायला लागतं, कारण त्याला ते परत करून बघायचं असतं.

1834 साली रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्स धबधब्यावर हा अनुभव घेतला आणि लिहून ठेवला. आज मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘धबधबा-भ्रम’ म्हणतात. आपल्या मेंदूत खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि वर जाणारी टिपणाऱ्या वेगळ्या. एरवी दोघींचं पारडं समान असतं. पाण्याकडे टक लावून बघितलं की खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी थकतात, आणि नजर स्थिर खडकावर गेली की वर जाणारी टिपणाऱ्या पेशींचं पारडं जड होतं. खडक जागचा हललेला नसतो, पण डोळ्यांना तो चढताना दिसतो. गंमत अशी की हा प्रयोग पळत, उड्या मारत होतच नाही. त्यासाठी बसावंच लागतं.

दोन विती इंद्रधनुष्य

ऊन असेल आणि तुषार उडत असतील, तर इंद्रधनुष्य कुठे शोधायचं याचा हिशेब ठरलेला आहे. सूर्य पाठीशी घ्यायचा. आपल्या डोक्याची सावली जिथे पडते, त्या रेषेपासून 42 अंशांवर धनुष्याची कमान असते. हात ताठ लांब करून अंगठा आणि करंगळी ताणली की साधारण 20 अंश होतात. म्हणजे सावलीपासून दोन विती. मुलांचा हात लहान आणि वीतही लहान, त्यामुळे त्यांचंही माप चुकत नाही.

यातली मुलांना सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येकाचं इंद्रधनुष्य वेगळं असतं. ताईच्या डोळ्यांत शिरणारे किरण काही थेंबांमधून येतात, दादाच्या डोळ्यांत शिरणारे दुसऱ्याच थेंबांमधून. त्यामुळे ‘माझं आहे ते’ हे भांडण इथे दोघांच्याही बाजूने सुटतं.

पाणी पांढरं का?

दूधसागरची उंची सुमारे 310 मीटर, म्हणजे जवळजवळ शंभर मजली इमारतीएवढी. पाणी एका उडीत मात्र येत नाही, चार टप्प्यांत येतं. खडकांवर आपटून त्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात, आणि बुडबुडे सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखरून टाकतात. सगळे रंग एकत्र म्हणजे पांढरा. तेच पाणी खालच्या डोहात स्थिरावलं की हिरवट होतं.

दंतकथा याहून छान आहे. डोंगरातल्या तळ्यावर एक राजकन्या स्नानाला यायची आणि नंतर सोन्याच्या भांड्यातून दूध प्यायची. एकदा झाडीतून एक राजपुत्र बघतोय हे लक्षात आल्यावर आडोसा करण्यासाठी तिच्या सख्यांनी ते दूध समोर ओतलं. आधी गोष्ट सांगा, मग बुडबुडे सांगा. उलट क्रमाने रंगत जाते.

आणि बुडबुड्यांचं काम एवढ्यावर संपत नाही. धबधब्याचा आवाजही बराचसा त्यांचाच. पाण्यात अडकलेला प्रत्येक बुडबुडा थरथरतो आणि वाजतो. मोठा बुडबुडा जाड आवाजात, बारका बारीक आवाजात. मार्सेल मिनेर्ट या शास्त्रज्ञाने 1933 साली हे गणित मांडलं. मुलांना डोळे मिटून आधी मोठ्या धारेचा आवाज ऐकायला सांगा, मग पायाशी झुळझुळणाऱ्या ओहोळाचा. फरक त्यांना लगेच कळतो.

बोटं सांगतात: आता बाहेर या

पाण्यात खेळून बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून तसं होतं, असं आपण धरून चालतो. पण हे काम आहे मज्जातंतूंचं. बोटाची नस तुटलेली असेल तर त्या बोटाला सुरकुत्या पडतच नाहीत, हे डॉक्टरांना 1930 च्या दशकापासून ठाऊक आहे. सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या वस्तूंवर पकडही चांगली बसते.

आईबाबांसाठी ही एक सोयीची घंटाच आहे. सुरकुत्या दिसल्या की काठावर यायचं, असा नियम मुलांशी आधीच ठरवून टाका. स्वतःच्या बोटांनी दिलेला निरोप मुलं मोठ्यांच्या हाकेपेक्षा लवकर ऐकतात. या नियमामागचं कारणही खरंखुरं आहे. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं, आणि वजनाच्या मानाने लहान मुलांच्या अंगाची कातडी जास्त असते, म्हणून ती मोठ्यांच्या आधी गारठतात. दात वाजू लागले किंवा ओठ निळसर दिसले, तर ‘पाच मिनिटं अजून’ अजिबात ऐकू नका. आधी ओले कपडे उतरवा, कोरडा टॉवेल गुंडाळा, मग राजगिऱ्याचा लाडू हातात द्या.

लाडू देताना आजूबाजूला मात्र बघा. इथली माकडं फार तरबेज आहेत. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेली ही टोपीवाली माकडं गालांच्या आत पिशव्या बाळगतात. हिसकावलेला खाऊ तिथे कोंबायचा, झाडावर जायचं आणि सावकाश चावायचं. फुगलेले गाल नीट बघितले तर दिसतात. लांबून बघा आणि मुलांच्या हातून त्यांना काही भरवू नका. माणसाच्या हातून खायची सवय लागली की पुढचा हात ओरबाडला जातो.

इंजिनं मोजा

धबधब्याच्या मधूनच रेल्वेचा पूल जातो. 2013 च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’ चित्रपटामुळे तो घराघरांत पोहोचला. कुळे आणि कॅसलरॉक या स्टेशनांमधला हा घाट इतका उभा आहे, की दर 37 मीटरला रूळ एक मीटर चढतात. म्हणून चढणीच्या गाडीला मागूनही इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढे किती, मागे किती, हे मुलांना मोजायला लावा. गाडी हळू चालते, मोजायला भरपूर वेळ मिळतो. हा मार्ग एकोणिसाव्या शतकात, गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य असताना घातला गेला. कॅसलरॉक तेव्हा इंग्रजांच्या हद्दीतलं सीमेवरचं स्टेशन होतं. रुळांवरून चालत धबधब्याला जायला बंदी आहे, आणि मुलं सोबत असताना तर तो विचारही मनात आणू नका.

हात हलवणारा नव्हे, पाय हलवणारा

पश्चिम घाटातल्या ओढ्यांत एक चिमुकला बेडूक राहतो, ज्याचं ओरडणं खळखळाटात कुणाला ऐकू जाणं कठीण. मग तो काय करतो? दगडावर बसून मागचा पाय लांब करतो, बोटं पसरतो आणि हलवतो. मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला हुसकायला ही त्याची खूण. 2014 साली प्राध्यापक सत्यभामा दास बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नाचऱ्या बेडकांच्या 14 नव्या जाती जगापुढे आणल्या. तो दिसेलच असं नाही, पण ओल्या दगडांवर त्याला शोधत बसायला मुलांना फार आवडतं. कान उघडे ठेवले तर शीळकरी कस्तूरही भेटतो. रस्त्याने जाणारा कुणी पोरगा मजेत शीळ घालतोय असं वाटतं, आणि असतो तो निळा-काळा पक्षी.

बेत कसा आखायचा

पावसाळ्यात धबधब्याकडे जाणाऱ्या जीप बंद असतात. साधारण ऑक्टोबरपासून त्या सुरू होतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणीही भरभरून असतं. एप्रिलपर्यंत धार बरीच रोडावते. कुळ्याहून जीप निघते, एका जीपमध्ये सात जण बसतात आणि लाइफ जॅकेट घ्यावंच लागतं. मुलाला जॅकेट घालून खांद्याच्या पट्ट्या वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, लहान मागून घ्या. वाटेत जीप ओढ्यांच्या पाण्यातून जाते, मुलांच्या लेखी अर्धी सहल तिथेच वसूल. जीप थांबते तिथून पुढे दगडगोट्यांतून चालायचं असतं. मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात, चपला वाहून जातात.

पणजीहून कुळे साठेक किलोमीटर. समुद्रकिनाऱ्यावर रात्री उशिरापर्यंत जागून पहाटे मुलांना उठवण्यापेक्षा आदल्या रात्री मोले-कुळे परिसरातच मुक्काम करा आणि सकाळच्या पहिल्या जिपांपैकी एक पकडा. निघण्यापूर्वी पातळभाजी-पाव पोटभर खाऊन घ्या. वर जीप ठरावीक वेळच थांबते, त्यामुळे तो वेळ आधीच वाटून टाका: जेवढा वेळ पाण्यात, तेवढाच खडकावर. पहिली बैठक पोहोचल्या पोहोचल्याच असू द्या, चालून आलेले पाय थकलेले असतात आणि ओला दगड थकलेल्या पायाला माफ करत नाही.

परतल्यावर दुपारी मुलांना झोपू द्या. त्याच दिवशी मसाल्यांची बाग आणि संध्याकाळी जुनं गोवं, असे भरगच्च कार्यक्रम सर्रास विकले जातात, पण सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ते फार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ बघा. कदंबांच्या काळातलं हे काळ्या दगडाचं देऊळ रानात उभं आहे, शेजारून नदी वाहते, सावली दाट आहे. मुलांना नंदीशेजारच्या दगडी खांबांवरचं कोरीव काम बोट ठेवून बघू द्या आणि तोवर तुम्ही पायऱ्यांवर बसा.