द्रवरूप पाण्याचे अतिजलद तापन : वर्णपटमितीच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :
चुलीवरील भांड्यातील पाणी तापण्यास काही मिनिटे लागतात. एवढ्या अवधीत रेणू परस्परांवर असंख्य वेळा आदळून मिळालेली ऊर्जा वाटून घेतात; म्हणूनच अशा पाण्याच्या तापमानाविषयी निःशंकपणे बोलता येते. लेसरच्या स्पंदाने मात्र हीच ऊर्जा काही फेमटोसेकंदांत देता येते. एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग होय. इतक्या अल्प काळात रेणूंना ऊर्जा वाटून घेता येत नाही. अशा वेळी 'तापमान' या संज्ञेचा अर्थ काय, हा मूलभूत प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मापनाची पद्धत :
पाऱ्याचा तापमापक येथे निरुपयोगी ठरतो, कारण पाण्याशी समतोल साधण्यास त्याला काही सेकंद लागतात. म्हणून दोन स्पंदांची पद्धत वापरली जाते. पहिला स्पंद पाणी तापवितो, तर दुसरा क्षीण स्पंद त्याच्या अवस्थेची नोंद घेतो. दुसऱ्या स्पंदाचा मार्ग ०.३ मिलिमीटरने वाढविल्यास तो १ पिकोसेकंद, म्हणजेच १००० फेमटोसेकंद, उशिरा पोहोचतो. आरसा सरकवून असा विलंब अचूकपणे साधता येतो. फेमटोसेकंद वर्णपटमितीने रासायनिक अभिक्रियांचा अभ्यास केल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऊर्जेचा प्रवास :
पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचे ताण-कंपन सुमारे ३४०० प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्येच्या अवरक्त किरणांचे शोषण करते. पाणी तापले की रेणूंमधील हायड्रोजन बंध दुर्बल होतात आणि हा शोषणपट्टा अधिक तरंगसंख्येकडे सरकतो. अशा रीतीने वर्णपट हाच तापमापक बनतो.

स्पंदाची ऊर्जा प्रथम ताण-कंपनात साठते. सुमारे २०० फेमटोसेकंदांत ती तेथून बाहेर पडून वाकण्याच्या कंपनात व शेजारील रेणूंच्या हालचालींत पसरते. साधारण १ पिकोसेकंदाच्या कालावधीत ती सर्वत्र वाटली जाते व वर्णपट नेहमीच्या तप्त पाण्यासारखा दिसू लागतो. तत्पूर्वी पाण्यात ऊर्जा असते, परंतु रूढ अर्थाने एकच तापमान नसते.

क्ष-किरणांनी होणारे तापन :
२०१८ मध्ये स्वीडन व जर्मनीतील संशोधकांनी कॅलिफोर्नियातील क्ष-किरण लेसरच्या साहाय्याने पाणी ७५ फेमटोसेकंदांपेक्षा कमी काळात सुमारे १,००,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्याचे प्रसिद्ध केले. येथे वर्णपटाऐवजी क्ष-किरणांचे विकिरण व संगणकीय प्रतिरूप यांचा आधार घेण्यात आला. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांना रेणूंबाहेर फेकतात व उरलेले धनप्रभारित अणू परस्परांना दूर लोटतात. मात्र पसरण्यास अवधीच न मिळाल्याने पाण्याची घनता जवळजवळ पूर्वीइतकीच राहते. प्रथिनांचे नमुने बहुधा पाण्यातच असल्याने, नमुना नष्ट होण्यापूर्वी त्याची प्रतिमा कितपत विश्वासार्हपणे मिळू शकेल, हे या ज्ञानावर अवलंबून आहे.

तीव्र लेसर स्पंद व द्रव यांच्या आंतरक्रियेचा अभ्यास महाराष्ट्रातही झाला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जी. रवींद्र कुमार व सहकाऱ्यांनी द्रवांतून जाणाऱ्या अशा स्पंदांपासून टेराहर्ट्झ प्रारण मिळविल्याचे २०१७ मध्ये दाखविले.

निष्कर्ष :
तापमान हा पदार्थाला ऊर्जा मिळताक्षणीच प्राप्त होणारा गुणधर्म नाही. ऊर्जेच्या वाटपानंतरच तो अर्थपूर्ण ठरतो. चुलीवर हे वाटप सतत होत असल्याने ते जाणवत नाही. अतिजलद वर्णपटमितीने ते टप्प्याटप्प्याने दृश्यमान केले आहे.