दम की दवा?

1904, सेंट लुईस ऑलिम्पिक, मॅरेथॉन. रणरणत्या उन्हात टॉमस हिक्सचे पाय लटपटायला लागले, तेव्हा त्याच्या मदतनीसांनी त्याला अंड्याचा पांढरा भाग आणि स्ट्रिकनीन पाजलं, पुढे ब्रँडीही. स्ट्रिकनीन म्हणजे कुचल्याच्या बियांतलं जहाल विष! तेव्हा ते उत्तेजक मानलं जाई आणि त्यावर बंदी नव्हती. हिक्स जिंकला. आयोजक जेम्स सलिव्हन यांना तर पाण्याविना शरीर किती तग धरतं हेच पाहायचं होतं, म्हणून वाटेत पाणी जवळपास मिळतच नव्हतं. 32 जण धावले, 14 जणच पोहोचले. माणसांच्या जिवावर केलेल्या या असल्या ‘प्रयोगा’ला विज्ञान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता फिनलंडला चला. ईरो मँतिरांता हा स्कीइंगपटू 1964 च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं घेऊन गेला. त्याचं हिमोग्लोबिन 20 च्याही वर! साहजिकच वर्षानुवर्षं कुजबुज चालली की गडी रक्तात काहीतरी घालतो. 1993 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या अख्ख्या गोतावळ्याचं रक्त तपासलं आणि उलगडा झाला. मूत्रपिंडात तयार होणारं ईपीओ हे संप्रेरक अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायचा हुकूम देतं. या घराण्यात तो हुकूम घेणाऱ्या जनुकातच जन्मजात बदल होता, त्यामुळे थोड्या ईपीओवरही पेशींचं उत्पादन जोरात. रक्ताबद्दलचा संशय असा फिटला. पण याच मँतिरांताच्या चाचणीत 1972 मध्ये अँफेटामिन सापडलं होतं. जनुकानं रक्ताची साक्ष दिली, माणसाची नाही.

नुसत्या विश्वासानं वेग वाढतो का? वाढतो! 2015 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी 15 हौशी धावपटूंना ईपीओसारखं औषध म्हणून चक्क मिठाच्या पाण्याची इंजेक्शनं टोचायला दिली. तीन किलोमीटरची त्यांची वेळ सरासरी 1.2 टक्क्यांनी सुधारली. दहा मिनिटांच्या शर्यतीत हा फरक सात सेकंदांचा.

उलट गंमत नेदरलँड्सच्या संशोधकांची. 48 सायकलपटूंपैकी निम्म्यांना आठ आठवडे खरं ईपीओ, निम्म्यांना खोटं. मग सगळ्यांना फ्रान्सच्या माँ व्हाँतू डोंगरावर चढवलं. ईपीओवाल्यांची सरासरी वेळ 1 तास 40 मिनिटं 32 सेकंद, खोट्या औषधवाल्यांची 1 तास 40 मिनिटं 15 सेकंद! म्हणजे ईपीओ कुचकामी? एवढी घाई नको. हे हौशी गडी होते, आणि प्रयोगशाळेतल्या कमाल क्षमतेच्या चाचणीत ईपीओनं फरक दाखवलाच होता. तीन आठवड्यांच्या टूर द फ्रान्सचा हिशेब वेगळा.

टूरवरून अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग आठवणारच. 2005 मध्ये टेक्सासचे संशोधक एडवर्ड कॉइल यांनी निबंध छापला: सात वर्षांत आर्मस्ट्राँगच्या स्नायूंची कार्यक्षमता 8 टक्क्यांनी वाढली. त्याच्या यशाला जणू विज्ञानाचा शिक्काच मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी मूळ नोंदी मागितल्या, नेटानं पिच्छा पुरवला. 2008 मध्ये कॉइल यांनी हिशेबातली चूक कबूल केली, निष्कर्षाला मात्र त्यानं धक्का लागत नाही असं म्हटलं. 2012 मध्ये उत्तेजकं घेतल्याबद्दल आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. मला यात कौतुक वाटतं ते मूळ कागद मागणाऱ्यांचं. एकाच खेळाडूवरचा अभ्यास आणि नोंदी कपाटात, यावर कुणी का भरवसा ठेवावा?

त्यानंतरची खबर: कार्बन मोनॉक्साइड! रक्तातलं एकूण हिमोग्लोबिन मोजायला हा विषारी वायू अगदी थोडा हुंगवतात. तोच पुन्हापुन्हा हुंगला तर लाल पेशी वाढू शकतात. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानं फेब्रुवारी 2025 पासून असं वारंवार हुंगण्यावर बंदी घातली.

सगळ्यात डोकेबाज प्रयोग मात्र 2011 चा, दक्षिण कोरियातल्या डेगू इथल्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतला. उत्तेजक घेता का, असं विचारलं तर खरं कोण सांगणार? म्हणून युक्ती केली. आईची किंवा अशी कुठलीही जन्मतारीख मनात धरा. ती महिन्याच्या 1 ते 10 मधली असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या: ही तारीख जानेवारी ते जूनमधली आहे का? 11 किंवा पुढची असेल तर दुसऱ्याचं: गेल्या वर्षभरात जाणूनबुजून बंदी असलेलं काही घेतलंत का? पडद्यावर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. कुणी कुठल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं हे संशोधकांनाही कळत नाही. पण जन्मतारखा वर्षभर कशा विखुरतात हे माहीत असल्यानं, शेकडो उत्तरांतून खरा आकडा गाळून काढता येतो. तो निघाला 43.6 टक्के! अगदी हात राखून हिशेब केला तरी 30 च्या आसपास. त्याच स्पर्धेतल्या अधिकृत चाचण्यांत दोषी सापडले अवघे अर्धा टक्का.

खेळाडूंनी भरवशानं दिलेली ही उत्तरं शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध व्हायला 2017 उजाडलं. प्रामाणिक धावपटूंवर याहून मोठा अन्याय नाही.