उद्याच्या मेहनतीसाठी

कोल्हापूरच्या तालमीत सकाळची लढत संपली की लगेच कुणी आंघोळीला पळत नाही. घामावर कुस्तीच्या हौदातली माती चोळायची, ती अंगावर वाळू द्यायची, हाताने खरवडून काढायची आणि मग सतरंजीवर आडवं व्हायचं. पुढचा वेळ मालिशीचा. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं महाराष्ट्राला माहीत झाली ती मैदानातल्या कुस्त्यांमुळे. त्या कुस्त्यांच्या मागे रोजची ही मालीश असते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

मी ज्या जुन्या तालमीत हे बघत बसलो, तिथे पैसे देऊन बोलावलेला मालीशवाला नव्हता. पैलवानच एकमेकांचं अंग रगडतात. धाकट्याने थोरल्याचं, आणि जोडीच्या दोघांनी आलटून-पालटून. वाटीत कोमट केलेलं तिळाचं तेल, शेजारी एक जुनं धोतर फाडून केलेली फडकी, एवढंच साहित्य. थोरला पैलवान पालथा पडलेला, त्याच्या पोटरीशी तेरा-चौदा वर्षांचा पोरगा उकिडवा बसलेला. पोरगा अंगठ्याने दाबायला लागला तसा कोपऱ्यातून वस्तादांचा आवाज आला, "आरं, अंगठा नको, तळवा लाव. अंगठा दोन दिवसांत जाईल तुझा." मग पोराने कोपर सरळ केलं, तळहाताची टाच पोटरीवर टेकवली आणि हाताच्या जोराऐवजी अंगाचा भार पुढे टाकला. मालीश करणाऱ्याची मनगटं टिकतात ती याच युक्तीने. शहरातल्या फिजिओथेरपिस्टलाही हेच शिकवलं जातं.

क्रम ठरलेला आहे. आधी नुसतं तेल पसरवत लांब हात फिरवायचा, घोट्याकडून गुडघ्याकडे, गुडघ्याकडून कमरेकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेने. स्नायू जरा सैल झाला की मग मळणं. मांडीचा मोठा स्नायू दोन्ही हातांत धरून, उचलून, कणीक तिंबावी तसा तिंबायचा. त्यानंतर जिथे गाठ लागेल तिथे आडवं चोळायचं. शेवटी थापट्या आणि झटके: पाय घोट्याशी धरून सैल हलवायचा. मांड्या फारच भरलेल्या असल्या तर हात पुरत नाहीत. मग धाकटा पैलवान भिंतीचा आधार घेऊन चक्क मांडीवर उभा राहतो आणि पावलांनी तुडवतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण गुडघ्यामागच्या खळग्यावर आणि कण्यावर पाय पडणार नाही याची त्या पोराला नीट जाण असते. खळग्यातून पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. त्याला ते शरीरशास्त्राच्या भाषेत सांगता येणार नाही, पण त्याचं पाऊल तिथे थांबतं.

सगळ्यांत जास्त वेळ मी हातांकडे बघत होतो. रोज तेच अंग हाताखाली येत असल्यामुळे काल नव्हती ती गाठ आज लगेच लागते. "उजवा खांदा वर चढलाय तुझा, काल कशात अडकलास?" असं जोडीदाराने विचारलं, तेव्हा आडव्या पडलेल्या पैलवानाला कुठे आठवलं की आदल्या दिवशी लढतीत हात पिरगळला गेला होता. दुखणं बोलून दाखवायची तालमीत रीत नाही. पोरं दुखापत लपवतात, कारण लढतीतून बाजूला बसवलं जाण्याची भीती असते. हाताखाली मात्र काही लपत नाही. माझ्या मते मालिशीचा हा उपयोग सगळ्यांत मोठा आहे, आणि तो कुठल्याही यंत्राने भरून निघणारा नाही.

आता मेहनतीनंतर अंग का दुखतं, ते बघू. बैठक मारताना खाली जाण्याच्या वेळी मांडीचा पुढचा स्नायू भार पेलत-पेलत लांब होतो. असं ताणाखाली लांबणं स्नायूला फार जड जातं. शेकडो बैठकांनंतर त्याच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते, शरीर डागडुजीला लागतं, थोडी सूज येते आणि तो भाग हुळहुळा होतो. म्हणून दुखणं त्याच दिवशी जाणवत नाही. एक ते तीन दिवसांत ते कळसाला पोचतं आणि पुढे आपोआप ओसरतं. नवा पोरगा तिसऱ्या दिवशी तालमीच्या पायऱ्या कठडा धरून उतरतो तो यामुळे.

तालमीत आणि जिममध्येही एक समज पक्का आहे की मेहनतीने अंगात आम्ल साचतं आणि मालीश ते पिळून बाहेर काढते. हे खरं नाही. जोरदार व्यायामाने वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकतं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१२ साली याची थेट तपासणी प्रसिद्ध केली. ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावलं, मग प्रत्येकाच्या एकाच मांडीला १० मिनिटं मालीश केली आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टेटमध्ये फरक दिसला नाही. पण मालीश झालेल्या मांडीत दाह वाढवणारे संकेत कमी होते, आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या वाढीला चालना देणारे संकेत जास्त होते. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी नुसत्या दाबाची दखल स्नायूच्या पेशीपर्यंत पोचते, हे मला विलक्षण वाटतं.

दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २०२० साली २९ अभ्यास आणि हजारावर माणसांची माहिती एकत्र करून पाहिली. मालिशीने ताकद, उडी, वेग किंवा दम वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. लवचिकता थोडी वाढली आणि नंतरचं दुखणं थोडं कमी झालं, इतकंच. वस्तादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "ताकद जोर-बैठकांनी येती. मालीश कशासाठी? उद्या परत हौदात उतरता यावं म्हणून." संशोधकांचा निष्कर्ष आणि वस्तादांचं म्हणणं यांत मला अंतर दिसत नाही. थोडं कमी दुखणं ही रोज दोन वेळा मेहनत करणाऱ्याला लहान गोष्ट नाही. आज अंग मोकळं असेल तर उद्याची मेहनत पूर्ण होते, आणि अशा पूर्ण झालेल्या मेहनतींनीच पैलवान घडतो.

स्नायू भरून निघण्याचं मुख्य काम मात्र झोप, खुराक आणि विश्रांती करतात. विश्रांती नाकारली गेली तर काय होतं, याचं उदाहरण कोल्हापूरच्या मातीत तयार झालेल्या खाशाबा जाधवांचंच आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीबरोबर लांबलेली कुस्ती झाल्यावर त्यांना लगोलग सोव्हिएत मल्लाशी उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो लावून धरायला आपला अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. तो अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग कोणता असता, हा प्रश्न आजही जिव्हारी लागतो.

मालिशीची वेळही महत्त्वाची. कुस्तीच्या तोंडावर खोल रगडलं तर अंग सुस्तावतं, म्हणून मैदानाच्या दिवशी जाणते पैलवान फक्त हलकं, झटपट चोळून घेतात. खोल रगडणं मेहनतीनंतर किंवा सुटीच्या दिवशी.

आणि जिथे हात लावायचाच नाही अशा जागा आहेत. माझं खरं भांडण इथे आहे. मांडीवर गुडघा बसून रक्त साकळलं की "रगडून काढ" म्हणणारे अजून भेटतात. ताज्या मुक्या मारावर जोराने चोळलं तर रक्तस्राव वाढतो आणि कधी-कधी त्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ लागतं. मग महिनोन्महिने गुडघा नीट वाकत नाही. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखत असली तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालीश जिवावर बेतू शकते. नायटा असलेल्या अंगावरून फिरलेला हात आणि तेच तेल दुसऱ्याला लावलं तर आठवड्याभरात सगळी तालीम खाजवायला लागते.

तालमींच्या वस्तादांना माझी विनंती आहे. मालीश बंद करू नका, तिच्या जागी यंत्रं आणू नका. फक्त नव्या पोराला जोर मारायला शिकवता तेव्हाच हेही शिकवा की ताज्या मारावर पहिले तीन दिवस बर्फ आणि विश्रांती, हात अजिबात नाही. सुजलेली पोटरी दिसली तर थेट डॉक्टर. आणि तेलाची वाटी ज्याची त्याची वेगळी.